सायकलवरचा पाऊस आणि बिनबाह्यांचा रेनकोट

पावसाळ्यात सकाळी शाळेच्या वर्गात पाऊल टाकलं की एक वास येतो. ओल्या गणवेशाचा, ओल्या दप्तराचा, ओल्या केसांचा. गेल्या पावसाळ्यात आम्ही तिघं आपापल्या कामानं गोरेगावच्या आसपास फिरत होतो आणि तिघांच्याही नाकात तोच वास बसला होता. आमच्यातली एक आशाताई आहे. एक दादा शिवणकाम करतात. तिसरे मास्तर, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अजून सायकलवरच फिरतात. विहारात वर्षावासाचं वाचन आटोपल्यावर पाऊस उघडायची वाट पाहत पडवीत बसलो होतो, तेव्हा हा विषय निघाला. त्यानंतर आम्ही जे केलं, जे चुकलं आणि जे जमलं, ते या महिन्याच्या आरोग्य पानासाठी लिहीत आहोत.

विषय साधा आहे. आपल्या सेनगाव तालुक्यातली किती तरी मुलं, त्यातही मुली, वाडी-वस्तीवरून सायकलनं शाळेला येतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या, हे फार चांगलं झालं. पूर्वी ज्या मुलीची शाळा सातवीला सुटायची, ती आता दहावी, बारावीपर्यंत जाते. पण सायकलीसोबत पावसाचं काही आलं नाही. आपल्याकडे वर्षाला आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नेमकी शाळा सुरू होऊन अभ्यासाला जोर येण्याचे हेच दिवस. सकाळी निघताना आभाळ भरलेलं असलं की घरात एकच वाक्य ऐकू येतं, "आज राहू दे माय, भिजशील." मुलगा असला तर त्याला कुणीतरी मोटारसायकलवर सोडतं. मुलगी राहते घरी. असे दहा-पंधरा दिवस गेले की गणिताचा एखादा धडा कायमचा निसटतो. मास्तरांनी तीस वर्षं हजेरीपट भरला आहे. ते म्हणतात, जुलै-ऑगस्टच्या पानावर पाऊस कधी पडला ते मुलींच्या रकान्यावरून सांगता येतं.

आणि ज्या मुली येतात त्या कशा येतात? एका हातात छत्री, एका हातात सायकलचा हॅन्डल. हे दृश्य आपण सगळे रोज बघतो, म्हणून त्यातला धोका दिसेनासा झाला आहे. आमच्या वस्तीतली नववीतली एक मुलगी अशीच येत होती. समोरून ट्रक गेला, वाऱ्यानं छत्री उलटी झाली, ती सावरायला गेली आणि सायकल खड्ड्यात गेली. मनगट मोडलं. दीड महिना हात गळ्यात. उजवाच हात होता, त्यामुळे सहामाहीचे पेपर हुकले. छत्रीनं एका हाताला गुंतवून ठेवलं की उरतो एकच ब्रेक, तोही ओल्या रिमवरचा. जपानमध्ये छत्री धरून सायकल चालवायला कायद्यानं बंदी आहे, ती उगीच नाही.

मग रेनकोट का नाही? बाजारात मिळणारा पॅन्ट-शर्टाचा रेनकोट मोटारसायकलवाल्यासाठी ठीक आहे, कारण त्याला पाय मारायचे नसतात. सायकलवाल्याचं अंग तापतं. चार किलोमीटर चढाचा रस्ता त्या प्लास्टिकच्या पॅन्टीत मारला की बाहेरून पाणी नाही लागलं तरी आतून घामानं माणूस निथळतो. शाळेत पोचल्यावर कपडे ओलेच. शिवाय दप्तर रेनकोटाच्या वर राहतं आणि वह्या भिजतात. दप्तर आत घेऊन वरून रेनकोट घालायचा तर साखळी लागत नाही. पोरींनी आम्हाला हे सगळं अगदी तावातावानं सांगितलं. म्हणजे रेनकोट त्यांच्या घरी खुंटीला होता, तरी त्या छत्रीच घेत होत्या, आणि त्याला कारण होतं.

यावर जगात जुना उपाय आहे. त्याला केप म्हणतात. बाह्या नसलेलं, मधे डोक्यापुरतं भोक असलेलं, वर टोपी शिवलेलं मोठं पाणरोधक कापड. ते डोक्यातून घालायचं, पुढचा भाग दोन्ही हातांवरून आणि हॅन्डलवरून पुढं सोडायचा, मागचा भाग पाठीवरच्या दप्तरावरून खाली सोडायचा. अंगाभोवती छोटा तंबूच होतो. वरून पाणी येत नाही आणि खालून हवा खेळती राहते, म्हणून घाम साचत नाही. चीनमधल्या शहरांत पाऊस लागला की रस्ताभर अशा रंगीबेरंगी केपा दिसतात. इंग्लंडात तर शंभर वर्षांपूर्वी पोस्टमन आणि पोलीस सायकलवर हीच केप घालत.

आपल्याला यात नवीन काही नाही. आपल्या आया आणि आज्या याच तत्त्वावर जगल्या. ज्वारीचं पोतं घ्यायचं, त्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसायचा आणि ती खोळ डोक्यावरून पाठीवर सोडायची. निंदणीला वाकलेल्या बाईची पाठ आणि डोकं कोरडं, दोन्ही हात मोकळे. मेंढपाळाची घोंगडीची खोळही तीच. घोंगडी ओली झाली तरी ऊब देते, कारण लोकरीच्या धाग्यात हवा धरून राहते आणि तिच्यातल्या मूळच्या स्निग्धपणामुळे पाणी लगेच आत शिरत नाही. सुती कापडाचं तसं नाही. सुती गणवेश भिजला की अंगाला चिकटतो आणि अंगातली उष्णता ओढून घेतो. पाणी उष्णता वाहून नेण्यात हवेपेक्षा वीस-पंचवीस पट पुढे आहे. म्हणून ऑगस्टच्या पावसात, थंडी नसतानाही, भिजलेलं पोर वर्गात कुडकुडतं.

पोत्यानंतर प्लास्टिक आलं आणि पोत्याची जागा खताच्या गोणीनं घेतली. आजही शेतात खताच्या गोणीची खोळ सर्रास दिसते. इथं आशाताईंनी आम्हाला थांबवलं आणि त्यांचं म्हणणं मोठ्या अक्षरात लिहा असं बजावलं. खताची गोणी वापरायचीच असेल तर ती आतून-बाहेरून दोन-तीन पाण्यांनी धुऊन, उन्हात वाळवून मगच वापरावी. मानेला आणि काखेत घाम असतो, तिथं खताचे कण लागले की कातडी भाजल्यासारखी लाल होते. कीटकनाशकाचं कोणतंही वेष्टन, पिशवी, कागद मात्र कितीही धुतला तरी अंगावर घ्यायचा नाही, लेकराच्या तर नाहीच नाही. ओल्या कातडीतून विष आत जायला वेळ लागत नाही.

आता भिजण्याचं आणि आजाराचं नातं. आपल्याकडे प्रत्येक आजार भिजण्याच्या खाती टाकतात, ते खरं नाही. सर्दी-पडसं विषाणूमुळे होतं, पाण्यामुळे नाही. पावसात खिडक्या लावून पन्नास मुलं एका खोलीत बसतात, एकाला सर्दी असते आणि ती सगळ्यांत फिरते. पण ओल्या कपड्यात पाच-सहा तास बसण्याचे खरे त्रास वेगळे आहेत, आणि त्यांच्याविषयी कुणी बोलत नाही, कारण ते झाकलेल्या जागी होतात.

पहिला गजकर्ण. जांघेत, कमरेला नाडी बांधतो तिथं, काखेत, छातीखाली गोल चट्टा उठतो. कडा लाल आणि उंच, मधला भाग जरा फिका, आणि खाज इतकी की रात्री झोप नाही. ही बुरशी आहे. तिला ऊब आणि ओल या दोनच गोष्टी लागतात आणि ओला गणवेश दोन्ही देतो. मुली आईलासुद्धा सांगत नाहीत. मग कुणीतरी दुकानातून एक ट्यूब आणून देतं. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज थांबते, चट्टा फिका होतो, सगळ्यांना वाटतं गुण आला. प्रत्यक्षात कातडीची लढण्याची ताकद कमी झालेली असते आणि बुरशी आत पसरत असते. ट्यूब थांबवली की चट्टा दुप्पट होऊन येतो. आशाताईंकडे श्रावण-भाद्रपदात येणाऱ्या खाजेच्या रुग्णांत निम्म्यांहून जास्त आधी अशी ट्यूब लावून आलेले असतात. गजकर्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रातलं बुरशीचं औषध लावा, चट्टा गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके आठवडे लावत राहा, आणि घरात टॉवेल, चादर, आतले कपडे वेगळे ठेवा. एकाला झालं की बहुधा दोघा-तिघांना झालेलं असतं, त्यामुळे सगळ्यांनी एकदम दाखवलेलं बरं.

दुसरा त्रास चिखल्यांचा. पायाच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, फाटतात, चालताना झोंबतात. शेतात जाणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे, पण बूट-मोजे घालून शाळेत जाणाऱ्या लेकराला त्या जास्त होतात. ओला मोजा बुटात दिवसभर राहतो ना. केपनं पाय झाकले जात नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. गुडघ्याखाली पाणी लागणारच. त्यावर आमचा उपाय असा की पावसात सायकलवर प्लास्टिकची चप्पल किंवा सॅन्डल घालावी, शाळेत पोचल्यावर पाय पुसावेत, विशेषतः बोटांच्या मधे. बूट-मोजे दप्तरात पिशवीत बांधून न्यावेत. एका शाळेत मुलींना चप्पल घालून आत येऊ देत नव्हते. आम्ही मुख्याध्यापकांना भेटलो. थोडी कुरकुर झाली, पण पावसाळ्यापुरती सूट मिळाली.

पायाला जखम, चिरा, चिखल्या असताना साचलेल्या गढूळ पाण्यातून जाणं झालं आणि नंतर दोन-तीन आठवड्यांत अचानक मोठा ताप, पोटऱ्या खूप दुखणं, डोळे लाल होणं असं काही दिसलं, तर ते अंगावर काढू नका. जनावरांच्या, उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो वेळेत ओळखला तर साध्या औषधानं बरा होतो. डॉक्टरांना पाण्यातून गेल्याचं आपणहून सांगा, म्हणजे त्यांच्या लक्षात येईल.

आणि तिसरी गोष्ट, जी आमच्यातल्या दोघा पुरुषांना आशाताईंनी सांगेपर्यंत सुचलीच नव्हती. पाळीच्या दिवसांत मुलगी पावसात घराबाहेर पडायला तयारच नसते. कपडे ओले झाले की डाग दिसेल ही भीती, आणि ओल्या कपड्यानं कातडी सोलवटते तो त्रास वेगळा. घरात वापरायचं कापड पावसाळ्यात वाळत नाही, लाजेपोटी ते दुसऱ्या कपड्याखाली सावलीत वाळत घालतात आणि मग त्यावर बुरशी धरते. हे कापड उघड्यावर, ऊन पडेल तेव्हा उन्हात वाळवावं. उन नसेल तर इस्त्री फिरवावी. केपमुळे कमरेपासून वरचं आणि मांडीपर्यंतचं अंग कोरडं राहतं, दप्तरात एक सुका जोड आणि पॅड प्लास्टिकच्या पिशवीत राहतं. ज्या मुलींनी केप वापरली त्यांच्यातल्या एकीनं आशाताईंना सांगितलं, "आता त्या दिवसांतबी येते मी." आम्ही एवढ्यावरच खूश होतो.

आता केप कशी शिवायची. दादांनी पहिली केप शिवली ती साफ फसली, हे आधी सांगायला हवं. त्यांनी चादरीसारखा चौकोन घेतला, बरोबर मधोमध भोक पाडलं आणि टोपी लावली. सायकलवर बसून हात पुढं केले तर पुढचा भाग जेमतेम मनगटापर्यंत आला. मागचा भाग मात्र लोंबून चाकाच्या ताऱ्यांत गेला. बरं झालं, सायकल उभी होती. ताऱ्यांत किंवा साखळीत कापड अडकणं ही या सगळ्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. ओढणीनं असे किती अपघात होतात ते आपण ऐकतोच. गळ्यात गुंडाळलेली ओढणी चाकात गेली तर जीवावर बेतू शकतं. तेव्हा केप घालताना ओढणी गळ्याभोवती ठेवायची नाही, घडी करून दप्तरात टाकायची.

दुसऱ्या वेळी माप मुलीला सायकलवर बसवूनच घेतलं. भिंतीला सायकल टेकवायची, मुलीनं दप्तर पाठीला लावून हॅन्डल धरून बसायचं. गळ्यापासून हातांच्या वरून हॅन्डलच्या मुठीपर्यंत टेप धरायचा आणि पुढं एक वीत जास्त घ्यायचं. मागं गळ्यापासून दप्तरावरून सीटच्या खाली चार बोटं, बस. त्याहून लांब नको. रुंदी दोन्ही कोपरं थोडी बाहेर काढल्यावर त्यांच्याही खाली एक हात येईल इतकी. म्हणजे डोक्याचं भोक मधे न येता मागच्या बाजूला सरकतं आणि पुढचा भाग लांब राहतो. हे सगळं नीट जमलं की बाकीचं शिवण सोपं आहे.

कापड कोणतं? ताडपत्रीचं कापड जड पडतं आणि घडी होत नाही. शेडनेट किंवा साधी नायलॉनची चादर गळते. पातळ पारदर्शक प्लास्टिक स्वस्त असतं, पण एका पावसाळ्यात फाटतं. आम्ही हिंगोलीच्या बाजारातून आतून लेप दिलेलं रेनकोटचं कापड आणलं. एका केपला कापड, नाडी, चिकटपट्टी धरून दोनशे रुपयांच्या आगेमागे खर्च आला. शिलाई दादांनी घेतली नाही. खांद्यावर शिवण येऊ द्यायची नाही, ही त्यांची पहिली अट. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं आणि खांद्यावर पाणी सगळ्यात जास्त पडतं. टोपीची शिवण टाळता येत नाही, तिथं आतून मेणबत्ती घासली आणि वरून चिकटपट्टी लावली. शंभर टक्के नाही, पण तासाभराच्या पावसाला पुरते.

दोन गोष्टी मात्र आमच्या डोक्यात नव्हत्या, त्या वापरून कळल्या. पहिली, पुढच्या काठाला आतून दोन नाड्यांचे फास हवेत. त्यांत दोन्ही अंगठे घालून हॅन्डल धरायचा, म्हणजे वाऱ्यानं पुढचा भाग उडून तोंडावर येत नाही. पण ते फास ढिले हवेत. पडायची वेळ आली तर हात सहज सुटला पाहिजे. दुसरी, पाठीमागून आतल्या बाजूनं एक नाडी आणून ती पोटावर बांधायची. नाही तर मागचा भाग पालासारखा फुगतो. ही नाडीसुद्धा एका झटक्यात सुटेल अशीच बांधायची.

रंगाचंही सांगतो. घरात काळं किंवा खाकी कापड पडलेलं असतं, तेच वापरावं असं वाटतं, "मळत नाही" म्हणून. नको. पावसात ट्रकवाल्याला समोरची काच धूसर दिसते. पिवळा, केशरी, नाहीतर भडक हिरवा रंग घ्या. केपनं सायकलचा मागचा लाल दिवा झाकला जातो, म्हणून पाठीवर चकाकणारी पट्टी शिवा. सायकलच्या दुकानात ती मिळते.

केप घालून पहिल्याच दिवशी डांबरी रस्त्यावर जाऊ नये. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत पोरींना आम्ही तीन संध्याकाळी सराव दिला. हसून हसून पुरेवाट झाली, पण त्यात कळलं की टोपी घातल्यावर मान वळवली तरी टोपी तिथंच राहते आणि एका बाजूचं काहीच दिसत नाही. म्हणून आत पुढं झाप असलेली साधी टोपी घालून वरून केपची टोपी बांधायची, म्हणजे ती डोक्याबरोबर फिरते. आणि वळायच्या आधी थांबून, पाय टेकून मागं बघायचं. हात केपच्या आत असल्यानं इशारा देता येत नाही, तेव्हा थांबणं हाच इशारा. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, लोखंडी रिमवर तर फारच. उतार यायच्या आधीच ब्रेक हलका दाबून रिम पुसून घ्यायची सवय लावा. दोन्ही चाकांना चिखलपट्टी आणि साखळीला कव्हर नसेल तर केपचा अर्धा उपयोग वाया जातो, कारण खालून उडणारं पाणी कुठलीच केप अडवत नाही.

आडवा वारा सुटला की उतरा. केपमध्ये माणूस म्हणजे शीड लावलेली होडी. माळावरच्या उघड्या रस्त्यावर भरधाव ट्रक शेजारून गेला तरी झोत बसतो. आमचे मास्तर पंचेचाळीस वर्षं सायकल चालवतात, तेही अशा वेळी उतरून चालत जातात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. पाणंद रस्त्यावर तर चालणंच आहे. आपली काळी माती चाक आणि चिखलपट्टीच्या मधे अशी बसते की चाक फिरतच नाही. हॅन्डलला एक काडी बांधून ठेवा, चिखल काढायला.

पण केप अंगावर आली की एक खोटा धीर येतो, त्याची आम्हाला काळजी वाटते. केप पावसासाठी आहे, विजेसाठी नाही आणि पुरासाठी तर नाहीच. मराठवाड्यात दरवर्षी वीज पडून माणसं जातात, आणि ती बहुतेक उघड्या शेतात किंवा झाडाखाली आडोशाला उभी राहिलेली असतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात आकडे मोजा. तीसच्या आत आवाज आला तर वीज आपल्यापर्यंत पोचू शकते इतकी जवळ आहे. पक्क्या घरात, शाळेत, एसटीत शिरा. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. जवळ काहीच नसेल तर सायकल लांब ठेवा, झाडापासून दूर सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं झोपू नका. घरात स्मार्टफोन असेल तर पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप उतरवून ठेवा. आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता ते आधी सांगतं. सकाळी निघताना एकदा बघायला मिनिटही लागत नाही.

नळकांडी पुलावरून पाणी वाहत असेल तर पाणी घोट्याइतकं असलं तरी सायकल घालायची नाही. वाहतं पाणी पायातलं बळ काढून घेतं आणि पुलाची कड दिसत नाही. त्या दिवशी शाळा बुडली तर बुडू द्या. आम्ही गैरहजेरीविरुद्ध एवढं लिहिलं, तरी हे त्याच दमात लिहीत आहोत.

आमच्या गेल्या वर्षीच्या कामातली सगळ्यात मोठी चूक वेळेची झाली. आम्ही केपा शिवायला घेतल्या जुलै अर्धा गेल्यावर. बाजारात कापड मिळेना, दादांकडे लगीनसराईतले राहिलेले कपडे, आणि निम्मा पावसाळा तसाच गेला. मग वर्षावासाच्या वाचनात विनयपिटकातली गोष्ट निघाली. श्रावस्तीच्या विशाखेनं तथागतांकडे आठ गोष्टी मागितल्या होत्या, त्यांतली पहिली ही की भिक्खूसंघाला आयुष्यभर पावसाळ्यातलं वस्त्र देण्याची परवानगी मिळावी. ते वस्त्र पावसात अंघोळ करताना नेसायचं होतं, रेनकोट नव्हे, हे खरं. पण त्याबद्दलचा नियम ऐकून आमचे दादा खुर्चीत सरळ बसले. उन्हाळ्याचा शेवटचा महिना उरला की भिक्खूनं हे वस्त्र शोधायला लागावं आणि पंधरवडा उरला की ते तयार करून वापरावं. त्या वस्त्राचं मापसुद्धा ठरलेलं आहे, लांबी सहा वीत, रुंदी अडीच. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना पावसाळ्याचं कापड मे महिन्यात बघायचं असतं हे माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

म्हणून यंदा आम्ही बुद्धपौर्णिमेनंतरच्या आठवड्यातच माप घ्यायला बसलो. सतरा केपा शिवून झाल्या आहेत, बारा मुलींच्या आणि पाच मुलांच्या. दोन मोठ्या मापाच्याही केल्या, कारण आशाताई आणि दुसऱ्या एक अंगणवाडीताई, दोघी सायकलवरच फिरतात आणि त्यांनाही कुणी विचारलेलं नव्हतं.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. ओली केप शाळेत ठेवायची कुठं? घडी करून दप्तराजवळ ठेवली तर दुपारपर्यंत तिला कुबट वास येतो, आतल्या बाजूला काळे ठिपके धरतात आणि संध्याकाळी तीच अंगावर घ्यायची. ती वाऱ्यावर टांगायलाच हवी. एका शाळेच्या व्हरांड्यात दोन खांबांना दोरी बांधायची आम्ही परवानगी मागितली. "तपासणीला साहेब आले तर कसं दिसेल" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या शाळेत शिपाईमामांनी कुणाला न विचारताच दोरी बांधून दिली आणि वर चिमटेही आणून लावले. पहिल्या शाळेत आम्ही पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत. दोरी आमच्याकडे आहे.